रंगाच्या आधी पाणी

दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली की आमच्या भागातल्या रंगाऱ्यांना उसंत नसते. मुंबईकर येणार असतात, आखातातले सुट्टी टाकून येणार असतात, कोणाकडे निकाह ठरलेला असतो आणि चार महिन्यांच्या पावसाने घराची जी दशा केलेली असते ती पाहुण्यांना दाखवण्यासारखी नसते. मग घरोघरी शेड कार्डं पसरली जातात. शेजाऱ्याने कुठला रंग दिला, खिडकीच्या कडेला काय शोभेल, मरून पट्टा जाड हवा की बारीक, यावर इशाच्या नमाजनंतर तास-तास बोलणं होतं. ज्या भिंतीवर हा रंग बसायचा त्या भिंतीविषयी मात्र कोणी विचारत नाही.

आमचं घर दाभोळ खाडीच्या काठच्या एका गावात आहे. दादाजाननी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, दुपाखी कौलारू, वर माडी. भिंती दीड हात जाड. घर तिघा भावांचं, पण बारा महिने राहणारे आम्हीच : अम्मी, आम्ही दोघे आणि मुलं. भाईजान बावीस वर्षं कुवेतला आहेत, धाकटा मुंब्र्याला. आम्ही दोघेही शिक्षक, एक उर्दू शाळेत, एक मराठी. त्यामुळे गावात कोणाचं पत्र, अर्ज, भांडण असलं की ते फिरत फिरत आमच्या ओट्यावर येतं. घराच्या रंगाचं भांडण मात्र आमचं स्वतःचं होतं.

घराची मागची भिंत पश्चिमेला, खाडीकडे तोंड करून आहे. नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन येतो तो थेट तिच्यावर आपटतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आडवा पडतो, हे कोकणात राहिलेल्यालाच कळेल. पूर्वी मिरगाच्या आधी या बाजूला माडाच्या झावळांचे विणलेले झाप बांधायचे. भिंत दिसायची नाही, पण कोरडी राहायची. पावसाळा संपला की झाप काढायचे, भिंत घासायची आणि चुना मारायचा. खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना पाडणारे तेव्हा गावोगाव होते. पुढे झाप विणणारे हात कमी झाले, सिमेंट स्वस्त वाटायला लागलं. आमच्याही भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर सिमेंटचा भुकटी रंग झाला आणि २०१६ मध्ये धाकट्याच्या लग्नाला एका ठेकेदाराने त्यावर जाड, रबरासारखा ताणणारा लेप चढवला. पाणी थेंबभर आत जाणार नाही, दहा वर्षांची हमी, असं तो म्हणाला होता. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला फोड आले. बोटाने दाबले की आतून पाणी यायचं.

लेप वाईट होता असं आम्ही म्हणणार नाही. कोरड्या, धड भिंतीवर, केसासारख्या बारीक भेगांवर असा लेप चांगलं काम करतो. पण जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि ऊन मिळालं की सोडतो. आमच्या भिंतीत पाणी दोन वाटांनी शिरत होतं. खिडकीवरच्या छज्ज्याला भेग गेली होती, तिथून वरून. आणि खालून, जोत्यातून. मागच्या अंगणात कोबा केला तेव्हा गवंड्याने उतार भिंतीकडे दिला होता. कौलांवरच्या पागोळ्या त्या कोब्यावर पडायच्या, अर्धं पाणी उडून भिंतीला लागायचं, उरलेलं जोत्याशी साचायचं. एवढं पाणी प्यायलेली भिंत बाहेरून प्लास्टिकने बंद केल्यावर ते जाणार कुठे? आत. अम्मींच्या खोलीत.

अम्मींचं कपाट त्या भिंतीला टेकून होतं. त्यामागे काळी बुरशी वाटीएवढी होती, ती परातीएवढी झाली. तळाशी लोणा फुटला, म्हणजे पांढरा क्षार, झाडला की पुन्हा दोन दिवसांत. अम्मींना दमा आधीपासूनच आहे, पण जुलै-ऑगस्टात त्या रात्र-रात्र उशीला टेकून बसायच्या. चिपळूणच्या डॉक्टरांनी पंप बदलून दिला आणि मग विचारलं, या झोपतात कुठे? ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या विषयावरच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच सांगून ठेवलं आहे. डॉक्टर म्हणाले, खोली बदला. अम्मी बदलेनात. त्या खिडकीतून कब्रस्तानातला आंबा दिसतो. अब्बा तिथे आहेत.

अशात गेल्या वर्षी भाईजानच्या मुलीचा निकाह ठरला. ईदनंतर, एप्रिलात, गावच्या घरी. भाईजाननी रंगासाठी पंच्याऐंशी हजार पाठवले आणि सोबत एका बंगल्याचा फोटो : कबुतरी रंग, मरून पट्टे. आमच्या घराचं बाहेरचं क्षेत्र दोन हजार सहाशे चौरस फूट भरतं. रंगाऱ्याने मटेरियलसकट सत्तावीस रुपये फुटाचा भाव सांगितला, म्हणजे सत्तर हजार दोनशे. पैसे पुरत होते, वर उरत होते. कोणालाही वाटेल, यात प्रश्न कसला?

आम्ही वेगळा हिशेब मांडला. पश्चिमेच्या वळचणीला पन्हळ, भिंतीलगतचा दोन फूट कोबा फोडून तिथे बाहेरच्या उताराचं गटार, छज्ज्याची दुरुस्ती, त्या भिंतीवरचा लेप आणि पोकळ झालेला गिलावा काढणं, चुन्याचा गिलावा आणि वर चुनाच : अठ्ठेचाळीस हजार पाचशे. उरलेल्या पैशात पुढची बाजू आणि रस्त्याकडची एक बाजू मिळून तेराशे फूट रंगवायचं, पस्तीस हजार शंभर. उत्तरेची बाजू नुसती धुऊन ठेवायची. एकूण त्र्याऐंशी हजार सहाशे.

हा कागद घेऊन व्हिडिओ कॉलला बसलो. भाईजान ऐकत होते. भाभी म्हणाल्या, "मांडव मागच्या अंगणातच घालायचा ना? म्हणजे मुलाकडची माणसं बसणार ती त्याच भिंतीसमोर. लाखाच्या घरात रक्कम पाठवायची आणि समोर पांढरा चुना?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बावीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाचं गावातलं घर म्हणजे त्याची गावातली इज्जत असते. ती भिंतीवरच दिसते, दुसरीकडे दाखवायला जागा नसते. भाईजान एवढंच म्हणाले, "पैसे मी रंगासाठी पाठवले होते."

अम्मी पलंगावर बसून ऐकत होत्या. त्यांनी मुलांना सांगितलं, कपाट सरकवा. आणि आम्हाला म्हणाल्या, "फोन इकडे फिरवा. बघू दे त्याला." आम्ही फोन भिंतीकडे धरला, वरून खाली हळूहळू नेला. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग भाईजान म्हणाले, "पन्हळ पत्र्याचं घेणार की पीव्हीसीचं? पत्रा खारी हवेत टिकत नाही." तेवढ्यावर आम्ही समजलो.

काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं, तेही पाण्यापासून. कोबा फोडला, जोत्यालगतची माती उकरली, ती आतून चिखल होती, तीही फेब्रुवारीत. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवली, म्हणजे पाणी आत न वळता तिथून तुटून खाली पडतं. मग भिंतीवरचा लेप ओढून काढला. तो चादरीसारखा निघाला आणि त्याला चिकटून गिलावाही आला. आतले चिरे लालभडक, ओले. शेजारचे बघायला आले. सध्या उघड्या चिऱ्याची फॅशन आहे. नुसता पारदर्शक लेप मारा, रिसॉर्टसारखं दिसेल, असं दोघा-तिघांनी सुचवलं. सुके, निरोगी चिरे आणि सांधे भरलेले असतील तर तसा लेप शोभतो आणि टिकतोही. लोणा फुटणाऱ्या भिंतीवर तो मारला तर क्षार त्याच्या मागे साचून दगडाचा पापुद्राच काढतो.

जांभ्याविषयी एक गंमत मुलांना वर्गात सांगतो, ती इथेही सांगतो. हा दगड खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने मलबारात हे पाहिलं आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटेराइट असं नाव दिलं. आज जगभर तेच नाव चालतं. आमच्या मुलांना जांभा म्हणजे मागासलेल्या घराचा दगड वाटतो. तो भूगोलाच्या पुस्तकात आहे म्हटल्यावर जरा सरसावून बसतात.

भिंत सुकली की नाही हे हाताला कळत नाही. हात लावला तर कोरडी, आत ओल. त्याला साधा उपाय आहे. हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, चारी कडा पट्टीने भिंतीला घट्ट चिकटवायच्या आणि दिवसभर-रात्रभर ठेवायचं. आतल्या बाजूने दव धरलं तर भिंत अजून पाणी सोडते आहे, रंगाचं नाव काढायचं नाही. पुढच्या भिंतीवरचं प्लास्टिक कोरडं निघालं. पश्चिमेचं निथळत होतं. दर आठवड्याला चिकटवत गेलो. चार आठवडे गेले तेव्हा नुसती धूसर वाफ राहिली. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूण बाजारातल्या पुष्कळ घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली होती. ती झाकायची म्हणून काहींनी दोन-तीन महिन्यांतच रंग काढला आणि पुढच्या वर्षी तो गळून पुन्हा तीच रेघ दिसायला लागली, हे आम्ही पाहिलं होतं.

आता रंगाऱ्याविषयी. तो आमचाच विद्यार्थी, दहावीनंतर शाळा सुटलेला, आता तेवीस वर्षांचा. गणितात कच्चा होता म्हणून किती वेळा उभा केला असेल. आता भिंतीकडे बघून किती लिटर लागेल ते तोंडी सांगतो. एका लिटरात दोन हात मिळून पन्नास-साठ फूट, भिंत खडबडीत असेल तर कमी, अस्तर वेगळं. त्याचे अब्बाही रंगारी. मुंबईत एका इमारतीच्या परांचीवरून पडले, डावा पाय कायमचा गेला, गावी परतले. वर चढत नाहीत, पण चुना कसा भिजवायचा हे आमच्या पंचक्रोशीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. आम्ही त्यांना चाचा म्हणतो.

चाचांनी कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवला. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना, उलटं कधी नाही. चुना पाण्यात पडला की उकळतो. प्लास्टिकची बादली वितळू शकते आणि डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जाऊ शकतो. मुलांना त्यांनी अंगणातूनच हाकललं. पंधरा दिवस मुरल्यावर चुना फडक्यातून गाळला, दुधासारखा पातळ केला, डिंकाचं पाणी आणि जराशी नीळ घातली. भिंत आधी भिजवायची, मग पातळ हात मारायचा, एक आडवा, दुसऱ्या दिवशी एक उभा, तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवा. पहिल्या दिवशी भिंत पाहून आम्हाला वाटलं, काहीच लागलं नाही. चाचा म्हणाले, "उद्या बघा." चुना ओला असताना अर्धवट पारदर्शक असतो. सुकताना हवेतला कार्बन वायू घेऊन तो पुन्हा दगडच होत जातो, म्हणून पांढरा उमलतो. जाड मारला तर पापुद्रे निघतात. त्यातला तिखटपणा शेवाळालाही लवकर धरू देत नाही. आणि मुख्य म्हणजे या थरातून भिंतीला श्वास घेता येतो.

पण हे सगळं झालं ते पाच दिवस उशिरा. कारण दोरी.

मागची भिंत माडीसकट एकवीस फूट उंच. मुलाने बांबूची परांची काथ्याने आवळून बांधली, वर एक फळी टाकली, आणि डबा घेऊन चढायला लागला. आम्ही विचारलं, कमरेला पट्टा? तो हसला. "टीचर, दोन मजल्यांना पट्टा कोण लावतं? लोक म्हणतील घाबरला." आम्ही म्हटलं, मग काम थांबलं. तो खरोखर रागावला. त्याच्या लेखी एक दिवस बुडणं म्हणजे आठशे रुपये. आम्ही बुडालेल्या दिवसांची मजुरी देतो म्हटलं तर आणखी रागावला, फुकटची नको म्हणाला. गावच्या दुकानात पट्टा मिळाला नाही, चिपळूणहून मागवला : खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा, नुसता कमरेचा नव्हे. दोरी आढ्यावरून पलीकडे टाकून पुढच्या अंगणातल्या फणसाच्या बुंध्याला बांधली. पहिल्या दिवशी त्याने पट्टा घातला आणि वर जाऊन दोरीची कडी काढून खिळ्याला अडकवून ठेवली. खालून चाचांनी पाहिलं. ते एक शब्द बोलले नाहीत. काठी टेकत परांचीच्या पायथ्याशी गेले आणि तो पाय वर करून पहिल्या बांबूवर ठेवायला लागले. मुलगा वरून ओरडला, "अब्बा!" आणि कडी लावली. मग पंधरा दिवस ती लागलेलीच होती.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अशी कामं होतात. भाव ठरवताना आपण फुटाला दोन रुपये कमी करून घेतो, चहा-नाश्ता अगत्याने देतो, आणि माणूस कशावर उभा आहे ते बघत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या, वर्षात किमान ९० दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते आणि रंगारीही त्यात बसतो, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. नव्वद दिवसांचा दाखला ग्रामसेवकाकडून मिळतो. अर्ज आमच्या ओट्यावर भरला. आपल्या मोहल्ल्यात रंगकाम, गवंडीकाम, सुतारकाम करणारी मुलं असतील तर त्यांना एवढं विचारून पाहा.

मार्चच्या सुरुवातीला रमजान लागला. रोजा ठेवून रंगकाम कसं करायचं, या प्रश्नाचं उत्तर भिंतीनेच दिलं. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी सावली असते. तापलेल्या भिंतीवर चुना असो की रंग, तो बसण्याआधीच सुकतो आणि नंतर सुटतो. म्हणून सकाळी सात ते अकरा पश्चिम, मग काम बंद, आणि असरनंतर तासभर पुढची, पूर्वेची बाजू. रंगारी सावलीच्या मागे फिरतो, हे चाचांचं म्हणणं. पुढच्या भिंतीचं शेवाळ आधीच ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, तारेच्या ब्रशने घासून, धुऊन सुकवलं होतं. तिथे अस्तराचा एक हात, रंगाचे दोन, मध्ये पाच-सहा तासांचं अंतर. भाईजानचा कबुतरी रंग तिथे आला, मरून पट्ट्यांसह. रंगाच्या मोठ्या डब्यात रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन असतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. कुठला डबा घ्यायचा याचा सल्ला रंगारी का देतो, त्यातलं एक कारण हेही. आमच्या मुलाने टोकन काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, तुमचं. आम्ही ते त्यालाच घ्यायला सांगितलं.

खिडक्या-दारांचा जुना तेलरंग खरवडायचा होता. इथे मात्र आम्ही मुलांना सुट्टीच्या दिवशीही घरात ठेवलं नाही, फुफूकडे पाठवलं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा आपल्याकडचा नियम २०१६ चा आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. आमच्या खिडक्यांवर त्याच्या आधीचे चार-पाच थर. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, गोळा झालेली साल गुंडाळून बांधायची. झाडूने उडवायची नाही. रंगारी तोंडाला रुमाल बांधतात, त्याने बारीक धूळ थांबत नाही. मास्क लागतो.

निकाह झाला. मागच्या अंगणात मांडव पडला, पांढऱ्या भिंतीवर दिव्यांच्या माळा सोडल्या. दोघा पाहुण्यांनी विचारलंच, "इकडचा रंग राहिला वाटतं?" भाभींनी संध्याकाळपर्यंत मधल्या भागात जरीचा पडदा लावून घेतला. तो छान दिसत होता. भाईजान मात्र आल्या दिवसापासून सकाळी उठून अम्मींच्या खोलीत कपाटामागे हात घालून बघायचे. कोणाला काही म्हणायचे नाहीत.

ज्यांनी रंग मेअखेरीवर ठेवला होता त्यांचे गेल्या वर्षी हाल झाले. पाऊस २५-२६ मेलाच कोकणात उतरला, त्याआधीही आठवडाभर झोडपत होता. आमच्या वाडीतल्या एका घराचं पहिला हात झालेलं अस्तर अंगणातून दुधासारखं वाहत गेलेलं आम्ही पाहिलं. आमच्या चुन्याला तोवर दोन महिने मिळाले होते.

ऑगस्टात भिंत पाहण्यासारखी राहिली नाही, हेही सांगायला हवं. जोत्याजवळ करडे डाग पडले, छज्ज्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरवट झाक आली. चुना हा एका पावसाळ्याचा सोबती, दरवर्षी नवा द्यावा लागतो. प्लास्टिकच्या रंगाएवढा तो देखणा राहत नाही. पण फोड आले नाहीत. पन्हळाचं पाणी गटारातून सरळ खाडीच्या उताराला गेलं. आत कपाटामागे बुरशी परतली ती हाताच्या पंजाएवढी, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात. अम्मींचा दमा गेलेला नाही, पंप उशाशी आहेच. उशीला टेकून बसून काढलेल्या रात्री यंदाच्या पावसाळ्यात चार झाल्या. त्याच्या आधीच्या वर्षी आम्ही मोजणंच सोडून दिलं होतं.

दिवाळीनंतर लगेच चुना देऊ म्हटलं तर चाचांनी अडवलं. भिंतीला थंडीचं ऊन खाऊ दे, जानेवारीत बघू. यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आहे, त्याआधी पश्चिमेचा हात आटपेल. चुना पिंपात पडला आहे. मुलगा आता चिपळूणला एका चार मजली इमारतीवर काम करतो, आठवड्याने मोकळा होईल. पट्टा तो घेऊन गेला आहे, आमच्याकडे नव्हे तर तिकडच्या कामावर. मागायला आला तेव्हा जरा लाजत होता.

राहिली उत्तरेची बाजू. तिला ऊन कमी, शेवाळ जास्त. भाईजाननी परवा दहा हजार पाठवले आणि विचारलं, तिकडे रंग द्यायचा की चुना? आम्ही काल दुपारी त्या भिंतीला प्लास्टिक चिकटवलं आहे, एक खाली जोत्याशी आणि एक छातीच्या उंचीवर. शाळेतून आल्यावर काढून बघू आणि कळवू.